नियाजभाईंकडची भिंत

येरवड्याला राहते असं सांगितलं की पुण्यातला माणूस आधी विचारतो, "आत की बाहेर?" गोदाबाईला हा विनोद कळायला बरीच वर्षं गेली, आणि कळला तेव्हा त्यात हसण्यासारखं तिला काही दिसलं नाही. ती बाहेरच राहत होती. जेलपासून चार गल्ल्या सोडून, पत्र्याच्या छपराच्या एका खोलीत, नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेल्या. पण नवरा गेल्यावर एकदा पाण्याच्या रांगेत ती बोलून गेली होती की आतल्या माणसांना निदान सकाळ-संध्याकाळ नावाने हाक मारून कुणी मोजतं तरी. रांगेतल्या बाया हसल्या. तिने हंडा उचलला आणि घरी आली.

नवरा नागोराव गवंडी होता. हिंगोलीकडून दोघं पोट भरायला पुण्यात आली ती इथलीच झाली. गोदाबाई त्याच्या हाताखालची बिगारीण. बिगारीण म्हटलं की लोकांना डोक्यावर घमेलं घेतलेली बाई दिसते. घमेली तिनेही वाहिली, पण तिचं खरं काम निराळं होतं. पुण्यात नवं घर उभारण्यापेक्षा जुन्या घराला काहीतरी जोडायचं काम जास्त. कुणाला मागे स्वयंपाकघर वाढवायचं असतं, कुणाला ओसरी आत घ्यायची असते, कर्वेनगरच्या बंगलेवाल्याला परदेशातला मुलगा येणार म्हणून खोली काढायची असते. मुलगा येत नाही, ती गोष्ट वेगळी. अशा वेळी नवं बांधकाम जुन्या भिंतीला जोडावं लागतं, आणि जुनी भिंत नव्या विटेला सहजासहजी जवळ करत नाही. नुसती टेकवून बांधली तर एक-दोन पावसाळ्यांत दोघींच्या मध्ये बोट जाईल एवढी फट पडते.

म्हणून आधी जुनीला तयार करायचं. वरचा गिलावा छन्नीने उडवायचा, विटांमधले सांधे खरवडायचे, शेवाळ घासून काढायचं. नवी भिंत जिथे येऊन मिळणार तिथे एक थर सोडून एक थर, अशा विटा फोडून खाचा करायच्या, म्हणजे नव्या विटेचं टोक आत शिरून बसतं. शेवटी पाणी. हे सगळं गोदाबाई करायची आणि ती बाजूला झाली की नागोराव थापी घेऊन पुढे यायचा. लोक म्हणायचे, नागोरावाचा जोड कधी सुटत नाही. भला माणूस, कुणाला कधी उलटून बोलला नाही. गोदाबाईबद्दल कुणी काही म्हणत नसे. धन्याचं नाव झालं म्हणजे आपलं झालं असं मानणाऱ्यांतली ती, तिला त्याचं काही वाटलंही नाही.

नागोराव जाऊन आता बराच काळ लोटला होता. सिमेंटची धूळ छातीत बसली, खोकला सुरू झाला आणि तो खोकल्यातच गेला. लेक नम्रता नाशिकला दिलेली. तिचा रविवारी फोन यायचा. "जेवलीस का? गोळी घेतलीस का? बरं ठेवते, कुकर लावलाय." लेक वाईट नव्हती. तिचा कुकर मात्र दर रविवारी त्याच वेळी लागायचा.

आणि गोदाबाई नागोरावाशी बोलायची. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तिला कुणी वेडी समजायला नको. तो गेलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं. दर पितृपक्षात ती त्याचं पान वाढत होती. पण भाजी निवडताना, चूल म्हणजे गॅस पेटवताना, कपड्यांच्या घड्या घालताना तिचं तोंड चालू असे. "अवो, आज मेथी लई निबर निघाली." मग जरा थांबायची, समोरच्याने उत्तर द्यावं एवढा वेळ. आणि पुढे, "तेच म्हन्ते मी. मेल्या भाजीवाल्यानं वरवरची कवळी दावली." असा दिवस जायचा.

पलीकडचे नियाजभाई गादीवाले. त्यांचं घर आणि गोदाबाईची खोली यांच्या मध्ये मोकळी जागा होती, तिथे पूर्वी ते कापूस पिंजायचे. दिवसभर यंत्राची घरघर आणि हवेत कापूस. गोदाबाई त्यांच्या नावाने बोटं मोडायची, कारण तिच्या वाळवणावर कापूस बसायचा. पुढे त्यांनी आळंदी रस्त्याला विश्रांतवाडीत दुकान घेतलं आणि पिंजण तिकडे नेलं. त्या दिवसापासून तिच्या त्या अंगाला असा शुकशुकाट झाला की वाळवणावर बसणारा कापूससुद्धा तिला आठवू लागला.

दिवाळी झाल्यावर नियाजभाई आणि त्यांची बायको नसीमभाभी दोघं मिठाई घेऊन आले. धाकट्या फैझलचं लग्न ठरलं होतं. मुलगी दौंडची, आयेशा, बीकॉम झालेली. नव्या जोडप्यासाठी त्या मोकळ्या जागेत खोली काढायची होती.

"तुमची परवानगी पाहिजे भाभी," नियाजभाई म्हणाले. "जागा आमची आहे, पण काम तुमच्या भिंतीजवळ होणार. धूळ होईल, ठोकाठोक होईल."

"हू द्या की," गोदाबाई लगेच म्हणाली. भिंतीपलीकडे माणसं राहायला येणार होती.

काम शंभू गवंड्याने घेतलं होतं. धानोरीचा गडी, चाळिशीतला, नागोरावाला ओळखणारा. तो फीत टाकून मापं घेत होता तेव्हा गोदाबाई पदर खोचून शेजारी जाऊन उभी राहिली.

"काकू, तुमच्या भिंतीला आपण हातबी लावत न्हाय," शंभू तिला धीर दिल्यासारखा म्हणाला. "जुनी हाय ती. चार बोटं जागा सोडतो आन आपली वेगळी भिंत उचलतो. वर पत्रं बी वेगळं. तुमाला तरास न्हाय, आमाला घोर न्हाय."

गोदाबाईचं तोंड उतरलं. "का रं? माझ्या भितीला काय झालं?"

"झालं काय न्हाय. पण जुन्याच्या नादी कोन लागतंय? गिलावा काढा, खाचा पाडा, धुवा. त्यापरीस नवीन बरी."

"चार बोटाच्या फटीत उंदरं होत्यात. पानी मुरून दोनी भिती कुजत्यात. मंग दोस कुनाला? गवंड्याला." ती नियाजभाईंकडे वळली. "माझी भित घ्या. नऊ इंची हाय. तुमची येक भित वाचती. नवीन दोनी भिती तिला जोडा आन पत्रं तिच्यावरच टेकवा."

उंदीर आणि पाणी, दोन्ही खरं होतं. पण तिच्या मनातलं कारण ते नव्हतं. उभ्या जन्मात तिने अशा कितीतरी खोल्या जोडल्या होत्या आणि एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. दोन घरांचे पत्रे एकाच भिंतीवर टेकले की पत्र्याच्या लाटांखाली पोकळ्या राहतात. कुणी त्या बुजवतं, बहुतेक जण बुजवत नाहीत, आणि त्यांतून पलीकडचं सगळं ऐकू येतं. भांडं पडलेलं, मूल रडलेलं, कूस बदललेली. लोक याच गोष्टीची तक्रार करायचे. गोदाबाईला आता तीच हवी होती. चार बोटं जागा सुटली असती तर पलीकडे लग्न झालं असतं, संसार झाला असता, पोरं झाली असती, आणि तिला त्यातलं काही कळलं नसतं.

"शंभू, भाभी म्हणतात तसं कर," नियाजभाई म्हणाले. "त्यांचं आयुष्य गेलंय या कामात."

शंभूने कान खाजवला. "बरं बाबा. मशीन लावून दोन तासात गिलावा उडवतो."

"मशीन न्हाई. हादरती भित," गोदाबाई म्हणाली. "मी तयार करून देते."

"या वयात?"

"वय भितीचं बगायचं असतंय, माझं कशाला बगतूस?"

शंभू हसला आणि त्याने हात जोडले. खरं तर मशीननेही काम झालं असतं, आणि नसतं झालं तर त्याच्याकडे माणसं होती. पण म्हातारीची हौस आहे तर करू दे, असं त्याने नियाजभाईंना बाजूला घेऊन सांगितलं. नियाजभाईंनाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी गोदाबाईने पलंगाखालून जुनी छन्नी-हातोडी काढली. आधी तिने भिंतीवर वरपासून खालपर्यंत हातोडीच्या दांड्याने ठोकत नेलं. गिलावा कुठे सुटला असेल तर तिथे आवाज पोकळ येतो, तिथून सुरुवात केली की पापुद्रे आपोआप निघतात. पण पोकळ आवाज कुठेच येईना. नागोरावाने स्वतःच्या घराचा गिलावा असा काही बसवला होता की छन्नी नुसती पांढरे ओरखडे काढत होती.

"अवो, कशाला येवढा घट करून ठिवला?" गोदाबाई करवादली. "लोकाचं काम असतं तर निम्म्या वाळूवर भागवलं असतं. घरच्यावर सगळा सिमिट रिता केला. आता कोन काढावा? मीच का?"

"काय म्हणालात काकू?" पायाचा खड्डा खणून घेणारा शंभू मान वर करून म्हणाला.

"तुला न्हाई."

शंभूने आजूबाजूला पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. तो पुन्हा खड्ड्याकडे वळला.

ते दिवस गोदाबाईचे फार चांगले गेले. हात भरून यायचे, रात्री खांदे ठणकायचे, पण सकाळी उठायला कारण होतं. नसीमभाभी दोनदा चहा आणून द्यायच्या आणि मग तिथेच विटांच्या थप्पीवर बसून लग्नाच्या याद्या सांगायच्या. तुम्हाला कुठली साडी घेऊ, असं विचारायच्या. फैझल येता-जाता "आजी, गॉगल घाला, डोळ्यात जाईल" म्हणायचा आणि एक दिवस खरंच आपला गॉगल तिच्या डोळ्यांवर चढवून त्याने फोटो काढला. गल्लीतली माणसं थांबून पाहायची. "काय गोदाबाई, नवं घर का?" ती छन्नी न थांबवता सांगायची, "नवं न्हाई, शेजार."

गिलावा निघाला. आतली वीट अजून लालभडक होती. तिने सांधे अर्धं बोट आत खरवडले, तारेच्या ब्रशने घासले. खाली जमिनीजवळ विटांवर पांढरी पूड दिसली तेव्हा तिने बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट. लोणा लागला होता. तेवढ्या विटा तिने घासून, धुऊन, वाळवून पुन्हा घासल्या, कारण खाऱ्या विटेवर सिमेंट धरत नाही. दोन्ही टोकांना, जिथे नव्या भिंती येऊन मिळायच्या होत्या तिथे, तिने खाचा पाडल्या. एक थर आत, एक थर बाहेर. वीट काढताना शेजारच्या विटेला तडा जाऊ नये म्हणून ती छन्नी तिरपी धरायची आणि दर ठोक्याला श्वास रोखायची. या कामात ती नागोरावाशीही बोलत नसे.

मग धुणं. बादलीने पाणी मारायचं, ब्रश फिरवायचा आणि ओल्या भिंतीवर तळहात दाबायचा. हाताला माती लागली तर पुन्हा धुवायची. हे हाताने बघणं तिचं स्वतःचं होतं, कुणी शिकवलेलं नव्हतं. हात स्वच्छ आला की काम झालं.

हात स्वच्छ आला. गोदाबाई हाताकडे बघत राहिली. मग तिने आणखी एक बादली ओतली. संध्याकाळी आणखी दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"काकू," शंभू म्हणाला, "भिंत किती आंघोळी करनार? सर्दी व्हईल तिला."

"अजून माती निघतीय."

"कुठंय? दावा हात."

तिने हात पदराखाली घेतला. शंभूने स्वतः भिंतीला हात लावून पाहिला आणि मग तिच्याकडे पाहिलं. त्याच्या काय ते लक्षात आलं असावं. तो गडी वाईट नव्हता. "आज ऱ्हाऊ द्या," तो हळू म्हणाला. "वीट लई पाणी प्याली तर नवा सिमिटाचा माल धरत न्हाय, हे तुमालाच म्या काय सांगू? उद्या सुकू द्या जरा. परवा जोडू."

गोदाबाईला लाज वाटली. कुणी नव्या बिगारणीने अशी भिंत भिजत घातली असती तर तिने तिची हजेरी घेतली असती. ती बादली घेऊन घरात गेली.

जोडायच्या दिवशी शंभूने सिमेंटचा घोळ खाचांना फासला, भिजवलेली वीट उचलली, मालावर ठेवली आणि आत सरकवली. ती बसली. त्यावर दुसरी, मग खाचेतली तिसरी. गोदाबाई दिवसभर तिथेच उभी होती. तिला आता काही काम नव्हतं, पण तिला कुणी जा म्हणालं नाही. छत चढलं तेव्हा पत्रे तिच्या भिंतीवर टेकले. "फटी बुजवू का वरच्या?" शंभूने विचारलं. नियाजभाई काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "वारा खेळू द्या. उन्हाळ्यात भट्टी होती पत्र्याची." हेही खरं होतं. शंभूने बुजवल्या नाहीत.

लग्न झालं. गोदाबाईला साडी आली, बायकांच्या पंगतीत तिला मानाने बसवलं. आणि मग, जानेवारीच्या एका सकाळी, तिने चहाचं आधण ठेवलं असताना पलीकडे बांगड्या वाजल्या.

ती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. पलीकडे कुणीतरी केस विंचरत होतं, फणी ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी शिंकलं. "अगं, माझा चार्जर कुठाय?" हा फैझल. "तुझ्या डोळ्यांसमोर," ही ती. गोदाबाईला हसू फुटलं. किती वर्षांनी घरात सकाळी कुणाचा आवाज झाला होता! तिच्या डोळ्यांना धार लागली आणि तिने ती पुसलीही नाही.

त्यानंतर तिचा दिवस पलीकडच्या दिवसाबरोबर चालू लागला. मिक्सर वाजला की ती वाटण करायला घ्यायची. फैझलची गाडी सुरू झाली की दार लावायची. रमजान लागला तेव्हा पहाटे पलीकडे भांडी वाजायची आणि हीसुद्धा उठून बसायची, काही कारण नसताना. आणि जे जे ऐकायची ते ते नागोरावाला सांगायची. आता तिच्याजवळ सांगण्यासारखं इतकं होतं की तिचं तोंड थांबत नसे. "अवो, सुनेनं आज भाजी करपवली बगा. वास आला का? शिकंल, शिकंल. मी काय पैल्या दिवशी लई सुगरन व्हते?" जरा थांबायची. "तेच म्हन्ते मी."

ईदच्या दिवशी सकाळी नसीमभाभी शीरखुर्मा घेऊन आल्या. ताटात दोन वाट्या होत्या, वर जाळीचा रुमाल.

"एक तुमची, एक पाहुण्यांची," त्या म्हणाल्या.

"कोन पाहुने?"

"अहो, तुमच्याकडे कुणी आलंय ना राहायला? आयेशा सांगत होती. दिवसभर बोलणं ऐकू येतं म्हणे, अगदी मजेत गप्पा चालू असतात. मी म्हटलं, चला, भाभींना सोबत झाली. कुठायत? आंघोळीला गेले काय?"

गोदाबाईने वर पाहिलं. पत्र्याच्या लाटांखालच्या पोकळ्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. ती कायम भिंतीच्या एका अंगाला उभी राहून काम करत आली. पलीकडून काय दिसतं, काय ऐकू येतं, हे बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिला पलीकडचं ऐकू यावं म्हणून तिने जीव काढला, आणि आपलंही पलीकडे ऐकू जाईल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिला चारचौघांत पदर सुटल्यासारखं झालं.

"हां," ती म्हणाली. "दीर आलेत. हिंगोलीचे. भाईर गेलेत जरा."

"मग संध्याकाळी पाठवा की घरी. आमच्या ह्यांना बरं वाटेल."

"उद्याच जायचेत ते. घाईत हायत."

नसीमभाभी "बरं, ईद मुबारक," म्हणून गेल्या. गोदाबाईने एक वाटी खाल्ली. दुसरी तशीच राहिली. घरात ती खाणारं कुणी नव्हतं, आणि परत करता येत नव्हती. संध्याकाळी ती थिजलेली खीर तिनेच उभ्याने संपवली.

खोटं बोलायला क्षण पुरतो, ते निभावायला जन्म जातो. पाहुणे गेले असं सांगितल्यावर बोलणं ऐकू येऊन चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आधण ठेवलं, तोंड उघडलं आणि मिटलं. "अवो" ओठांपर्यंत आलं होतं. ते तिने गिळलं. कुजबुजून पाहिलं, पण कुजबुजीत काही राम नव्हता. मनातल्या मनात बोलून पाहिलं, तर नागोराव मनातल्या मनात येईचना. त्याला मोठ्याने हाक मारायची सवय होती.

असे दिवस गेले. मेथी निबर निघाली, नम्रताचा कुकर लागला, नळाला पाणी आलं नाही. सांगायचं कुणाला? पलीकडचे आवाज येत होते, पण आता ते ऐकून तिला हसू येत नसे. नागोराव पहिल्यांदा गेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. गावाकडून लोक आले, रडले, दहावं-तेरावं झालं, महिनाभर कुणी ना कुणी भाकरी आणून देत होतं. या खेपेला तो गेला ते कुणालाच कळलं नाही. दुपारच्या दुपार ती पलंगावर बसून भिंतीकडे बघायची. हीच भिंत आपण घासूनपुसून दुसऱ्याच्या हाती दिली आणि आपलं माणूस घालवून बसलो, असं तिला वाटायचं. पत्र्याखालच्या फटीत चिंध्या कोंबाव्यात असं एकदा तिच्या मनात आलं. ती स्टुलावर चढलीसुद्धा. पण पलीकडे आयेशा फोनवर आईशी बोलत होती, "हो अम्मी, आहे मी मजेत," आणि म्हणता म्हणता तिचा आवाज असा काही झाला की गोदाबाई चिंधी हातात घेऊन तशीच खाली उतरली.

त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. आयेशा उभी होती. पोरगी कामापुरतीच कधीतरी आली होती, निवांत अशी आज पहिल्यांदाच.

"वाट्या न्यायला आले आजी."

"त्या तर कवाच दिल्या की तुझ्या सासूला."

आयेशा ओशाळली. "हो का? मला माहीत नव्हतं." पण गेली नाही. उंबऱ्यावरच बसली. ओढणीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "आजी, तब्येत बरी नाही का तुमची?"

"बरी हाय. का गं?"

"मग बोलत का नाही आता?"

गोदाबाईने पदर सावरला. "कुनाशी बोलू? पाहुने गेले."

"फैझल सकाळी जातो तो रात्री येतो," आयेशा म्हणाली. "इथले अम्मी-अब्बू दुकानात. दिवसभर घरात मी एकटी. आमच्या दौंडच्या घरात अकरा माणसं, तिथे कधी टीव्ही लावावा लागला नाही. इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात वाटलं, पळून जावं. मग तुमचा आवाज यायला लागला. मी भाजी घेऊन या भिंतीजवळच बसायचे. मेथी, नम्रताताईंचा कुकर, पाण्याच्या रांगेतली भांडणं. मी भाजी करपवली ते पण ऐकलं."

"अगं बाई," गोदाबाईने तोंडावर हात ठेवला. "वंगाळ वाटून घिऊ नगंस."

"नाही हो, मला हसू आलं. करपलीच होती." आयेशा हसली, आणि मग तिचं हसू गेलं. "आता तिकडून काहीच येत नाही. मी मुद्दाम भांडी आपटते, तरी तुम्ही काही म्हणत नाही. मला करमत नाही आजी."

बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. या पोरीशी खोटं बोलून काय मिळवायचं होतं?

"पाहुने नव्हते, माय," ती म्हणाली. "मी येकलीच बोलते. नम्रीच्या बापाशी. जाऊन लई वर्सं झाली त्यास्नी."

"माहितीये मला."

"कसं काय?"

आयेशाने मान खाली घातली. सांगावं की नाही असं तिला झालं असावं. मग ती म्हणाली, "दुसरा आवाज कधी आलाच नाही ना."

इतकी वर्षं गोदाबाई बोलताना मध्ये थांबत होती, समोरच्याने उत्तर द्यावं एवढा वेळ. आणि उत्तर मिळाल्यासारखी पुढे बोलत होती. चुलीपुढे, कामावर, परातीशी बसून, तिकडे हिंगोलीला लग्न होऊन आली तेव्हापासून. माल हवा असला की नागोराव थापी विटेवर वाजवायचा. पाणी हवं असलं की हात पुढे करायचा. भला माणूस, कुणाला उलटून बोलला नाही.

"ते जिते व्हते तवाबी आवाज येत नव्हता, माय," ती म्हणाली.

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नागोरावालासुद्धा नाही.